दसऱ्याचा विसार

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही. जोडाक्षर आलं की पेन अडखळतो. चौथीनंतर शाळा सुटली, आणि त्यानंतरचं माझं लिहिणं म्हणजे डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि सांगतील तिथे सह्या करणं. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी पुढेमागे कुणाच्या हाती लागलंच तर शुद्धलेखनावरून रागावू नये. आकडे तेवढे मी नीट काढले आहेत. एकदा दुसऱ्यांनी माझ्या नावापुढे आकडे मांडले होते आणि ते मिटवायला मला कित्येक वर्षं लागली.

लग्न होऊन मी नाशकात, सातपूरला आले तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आमचे हे एका कंपनीत मशीनवर होते. मोठे दीर, त्यांना घरात सगळे दादाच म्हणायचे, द्राक्षाची खोकी बनवायचा धंदा काढायच्या खटपटीत होते. पुठ्ठ्याची खोकी, त्यावर हिरव्या घडाचं चित्र. निफाडकडे जिकडेतिकडे बागा उभ्या राहत होत्या. "या धंद्याला मरण नाही," असं दादा जेवताना रोज म्हणायचे. कर्ज बाईच्या नावावर काढलं तर व्याज कमी पडत होतं. जाऊबाईंना सही येत नव्हती, मला येत होती. एवढ्या गुणावर मी मालकीण झाले.

घरामागे पत्र्याची शेड उभी राहिली. तिच्यावर पाटी लागली, माझं नाव आणि खाली 'प्रोप्रायटर'. पाटी रंगवणाऱ्याला चहा मीच नेऊन दिला. तो म्हणाला, "मालकीणबाईंना सांगा, नाव बरोबर आलंय का बघून घ्या. नंतर पुसायचे पैसे वेगळे पडतील." मी वर बघितलं, म्हटलं, "बरोबर आहे," आणि रिकामा कप घेऊन आत गेले.

सकाळी सगळ्यांचं रांधायचं, मग शेडमध्ये खळ शिजवायची आणि कामाच्या बायांबरोबर पुठ्ठ्याला लावत बसायचं. घर, मागचं अंगण, शेड. मधे एक नळ. एवढंच माझं नाशिक होतं. मला लोकांसमोर बोलता येत नाही, लहानपणापासूनच. पाहुणा आला की मी दाराआड जाते. दादांना ते सोयीचंच होतं. ते चेकबुक आणून ओट्यावर ठेवायचे.

"पिठाचा हात पूस आणि खाली सही कर."

वरती काहीच लिहिलेलं नसायचं. रक्कम ते मागून भरायचे. मी सही करून पुन्हा कणीक मळायला लागायची.

द्राक्षाची छाटणी दसऱ्याच्या आगेमागे होते. ती झाली की बागाईतदार खोकी ठरवायला यायचे, आणि दसऱ्याचा दिवस चांगला म्हणून त्याच दिवशी यायचे. आपट्याची पानं द्यायचे, शेडमधल्या मशीनला झेंडूची माळ घातलेली असायची, तिच्यापुढच्या ताटात विसार ठेवायचे. विसार म्हणजे आगाऊ पैसे. खोकी फेब्रुवारीत न्यायची, आणि माल विकला की तेवढे वजा करून बाकीचे द्यायचे. ताट भरायचं. जाऊबाई त्याला हळदकुंकू वाहायच्या.

आमच्या घरात एक समजूत होती. दसऱ्याला दारातून आत आलेली लक्ष्मी पुन्हा दारातून बाहेर जाऊ द्यायची नाही. तिची वस्तू करायची. मग त्या पैशांचं दादा दरवर्षी काहीतरी करायचे. एक वर्ष फ्रिज आला, एक वर्ष मोटरसायकल. ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी जाऊबाईंना आणि मला सोन्याच्या पाटल्या केल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात सोनं आलं. मला आनंद झाला नव्हता असं मी लिहिणार नाही. खळ लावताना मी त्या कोपरापर्यंत सरकवून ठेवायची.

आणि खोकी करायला लागणारा कागद? तो उधारीवर यायचा. एप्रिलमध्ये बागाईतदारांचे उरलेले पैसे आले की कागदवाल्याचे फेडायचे. द्राक्षं चांगली येत होती तोवर यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. मला तर नाहीच.

त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता गारा पडल्या. आमच्याकडे पत्र्यावर थोडा वेळ गोट्या ओतल्यासारखा आवाज आला, एवढंच. तिकडे निफाडच्या बाजूला घड खाली, वेली खाली, मांडव खाली. ज्यांची खोकी व्हायची होती त्यांतल्या कितीकांना आता खोक्यांचं कामच उरलं नाही. ते विसार परत मागायला लागले.

दादा म्हणाले, "सौदा त्यांनी मोडला. सौदा मोडला की विसार बुडतो, बापजाद्यांपासून रिवाज आहे."

हे म्हणाले, "गारा काय त्यांनी पाडल्या?"

"मग मी पाडल्या?"

मी दाराआड होते. जे बागाईतदार येऊन ओरडले, शेडच्या पत्र्यावर काठी आपटली, त्यांना दादांनी थोडं थोडं देऊन वाटेला लावलं. जे हळू बोलले त्यांना पुढची तारीख मिळाली. सगळे पाटीवरचं नाव वाचून मालकीणबाईंना विचारायचे.

चैत्रात एक बाई आली. उन्हातून चालत आलेली, हातात कापडी पिशवी. दादा मोटरसायकल बाहेर काढत होते.

"मालकीणबाईला भेटायचं हाय."

"मालकीण गावाला गेल्यात," दादा म्हणाले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर खळीची बादली घेऊन उभी होते.

"गेल्या टायमालाबी गावालाच व्हत्या."

"आजारी असतात."

"कवा येतील?"

"काही सांगता येत नाही." दादांनी किक मारली. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळत होता.

बाई शेडच्या सावलीत बसली. "एसटीला टाइम हाय. पानी दे गं जरा." मी तांब्या आणला. बाकीच्या बाया जेवायला गेल्या होत्या. मी खाली बसून पुठ्ठ्याला खळ लावायला लागले, कारण उभं राहून करायचं काय? ती बोलत राहिली. मला वाटतं, मी कामवाली आहे म्हणूनच ती इतकं मोकळं बोलली. घरधनी वारल्यापासून बाग तीच बघते. गारा पडल्या तेव्हा ती बागेतच होती, डोक्यावर टोपलं धरून वेलीखाली बसली होती. पाच हजार विसार दिला होता, दुधाचे पैसे साठवून.

"तुझ्या मालकिणीला पाच हजार म्हंजी काय गं. माझी पुढली छाटणी हाय त्यात. छाटणीची मानसं उधार येत नाय."

मी मान हलवली. तेवढ्यात पाटल्या कोपरावरून घसरून मनगटावर आल्या.

"खळ लावनारीच्या हातात पाटल्या? पगार बराय म्हनायचा हितं."

मी पदर हातावर ओढला. तिने वरच्या पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला वाचता नाय येत. ते वर नाव लिवलंय ते कुनाचं, तुझं?"

खोटं बोलायलाही तोंड उघडावं लागतं. मी नुसती बसून राहिले. तिला कळलं.

ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तांब्या पालथा घातला, पिशवी उचलली. "तुला बांधून ठिवलंय का काय?" एवढं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "बाईचं देनं समदे शेवटी देत्यात. मला ठाव हाय. माझं शेवटी दे, चालंल. पर दे."

आमच्याकडे हिशेब लिहायला एक बाई यायच्या, महिन्यातून दोनदा, मोपेडवरून. शहरातल्या, शिकलेल्या. शेडच्या कोपऱ्यात टेबलावर बसून वह्या लिहायच्या, मी चहा ठेवायची, त्या "इथे सही" म्हणायच्या. वर्षानुवर्षं आमचं बोलणं तेवढंच. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

"निफाडकडच्या त्या बाईचे पाच हजार वहीत कुठे आहेत?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. मग पानं उलटली आणि बोट ठेवलं. "हे. देण्यात."

"पण ते तर दसऱ्याला आले. जमा झाले ना?"

"आले. पण आपण कमावले नाहीत." त्यांनी टेबलावरची साखरेची वाटी पुढे सरकवली. "शेजारणीने वाटी पाठवली, ती तुमच्या मांडणीवर आहे. म्हणून तुमची झाली का? खोकी करून दिली की ते पैसे आपले. तोवर ते तिचेच, फक्त आपल्याकडे ठेवलेले."

"दादा म्हणतात विसार बुडतो. रिवाज आहे."

"तिच्यासाठी कागद घेऊन ठेवला होता का? एक तरी खोकं कापलं होतं? तसं असतं तर आपलं नुकसान झालं म्हणता आलं असतं. इथे कशाचं नुकसान झालं?"

मला ठाऊक होतं. त्या बाईच्या नावाने शेडमध्ये एक कपटासुद्धा आलेला नव्हता.

"मग ते पैसे गेले कुठे?"

त्यांनी दुसरं पान काढलं. वर माझं नाव होतं. खाली फ्रिज, मोटरसायकल, पाटल्या, दादांनी वेळोवेळी नेलेली रोकड, किराणा, सगळं ओळीने. "मालक धंद्यातून घरासाठी जे काढून घेतो त्याला उचल म्हणतात. ही तुमची उचल."

"मी कधी एक रुपया मागितला नाही हो."

"माहीत आहे मला. पण धंदा तुमचा आहे, चेकवर सही तुमची आहे. दादांचं नाव या वहीत मालक म्हणून नाही, नोकर म्हणून नाही, भागीदार म्हणूनही नाही. मी लिहिणार कुणाच्या नावावर?"

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. अक्षर सुरेख होतं. ज्या बाईने दारावरच्या भाजीवाल्याकडेही कधी स्वतःहून काही घेतलं नव्हतं, ती त्या वहीत घरातली सगळ्यांत उधळी बाई होती. सगळ्यांत शेवटी त्यांनी दोन बेरजा दाखवल्या, डावीकडची आणि उजवीकडची. दोन्ही सारख्याच.

"जुळलं की," मी म्हटलं. मला वाटलं, म्हणजे काहीतरी मार्ग असेल.

"जुळलं म्हणजे लिहिलेलं बरोबर आहे, एवढंच. पैसे आहेत असं नव्हे. बुडणाऱ्या धंद्याचाही हिशेब जुळतो." मग हळू आवाजात म्हणाल्या, "आणि हेही माहीत असू द्या. वहीत धंदा वेगळा आणि तुम्ही वेगळ्या. पण वसुलीला कुणी आलं तर तसं नाही. धंद्याचं देणं म्हणजे तुमचं देणं, घरातल्या भांड्यांपर्यंत."

त्या उन्हाळ्यात मी जेवायची, झोपायची, खळ लावायची, पण अंगावर झाकण ठेवल्यासारखं वाटायचं. आधी निदान मला माहीत नव्हतं. यांना सांगितलं तर म्हणाले, "दादाने बापाच्या जागी मला वाढवलंय, मला मधे घेऊ नकोस." माहेरी सांगायचं तर काय, मी मालकीण आहे म्हणून? तिथे सगळ्यांना त्याचा अभिमान होता.

हिशेबाच्या बाई मात्र दर खेपेला थोडं शिकवायच्या. मी विचारायची म्हणून. हिशेब सरकारसाठी लिहितात, कर भरण्यापुरता, असं मला आधी वाटायचं. आता प्रत्येक ओळीमागे एकेक माणूस दिसायला लागला. बँकेचं कर्ज म्हणजे कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन ठेवलेली ठेव. शनिवारचा पगार म्हणजे माझ्या शेजारी बसून खळ लावणाऱ्या बायांची चूल. आमच्या ताटातले पैसे तेवढे आम्ही लक्ष्मी म्हणायचो. ती कुणाच्या घरून आली, ते विचारायचं कुणाच्या मनात यायचं नाही.

पुन्हा दसरा आला. बागाईतदार थोडेच आले, आणि आता पोळलेले होते. विसार ठेवायच्या आधी पावती मागत होते, मालकिणीच्या सहीची. दादा पावतीपुस्तक घेऊन आत आले आणि ओट्यावर ठेवलं.

"सही कर पटापट. लोक बसलेत."

मी हात पुसला नाही. पुरणाचा हात तसाच ठेवला. "दादा, आधी मागच्या वर्षीचं."

"काय?"

"मागच्या लोकांचं परत दिल्याशिवाय मी पावती करणार नाही."

माझा आवाज इतका बारीक निघाला की जाऊबाईंनी विचारलं, "काय म्हणते ही?" दादांना बाहेरच्या लोकांमुळे ओरडता येईना. दात दाबून म्हणाले, "चौथी नापास बाई मला धंदा शिकवणार?"

"पास झाले होते," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तोंडातून निघून गेलं.

दादा पुस्तक तिथेच टाकून बाहेर गेले आणि लोकांना पुढची तारीख दिली. त्या दसऱ्याला मशीनपुढचं ताट रिकामं राहिलं. जाऊबाई म्हणाल्या, आता या घराचं काही खरं नाही.

दिवाळीआधीच चुली वेगळ्या झाल्या. दादांनी नाशकातच अंबडला दुसरी शेड घेतली, जाऊबाईंच्या नावावर. त्यांना सही शिकवली. जाऊबाई दारात बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आपलं नाव गिरवायच्या आणि मी अंगणातून जाताना हाताने झाकायच्या. त्या सहीने काय गळ्यात पडतं ते मला सांगावंसं वाटायचं, पण आमचं बोलणं बंद होतं. चांगली गिऱ्हाइकं दादांबरोबर गेली. माझ्याकडे मशीन राहिली, मशीनचं कर्ज राहिलं, आणि ते पान.

पाटल्या मोडायची गोष्ट मी काढली तेव्हा हे घाबरले. दसऱ्याचं सोनं मोडतात का? आणि ते घराचं ना? मी हिशेबाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वहीत पाटल्या तुमच्या उचलीत आहेत. म्हणजे त्या तुमच्याच. विकून पैसे धंद्यात भरलेत तर मी तुमच्या नावावर जमा करीन." ज्या पानाने मला अडकवलं होतं, त्याच पानामुळे त्या पाटल्या माझ्या ठरत होत्या. मी यांना एवढंच म्हटलं, "वहीत माझ्या आहेत. चला."

हे आले. सराफ बाजारात दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, आत आले नाहीत. पण आले. सोन्यात घट निघाली, आलेल्या पैशातून सगळ्यांचं भागलं नाही. बँकेचे थकलेले हप्ते, कागदवाला, मग बागाईतदार. आणि इथे मी त्या बाईचं म्हणणं खरं केलं. जे जोरात मागत होते त्यांना आधी दिलं. ती परत मागायला आलीच नव्हती.

पुढची वर्षं पटकन लिहून होतात, पण ती पटकन गेली नाहीत. हे कंपनीतून आले की मशीनवर बसायचे. द्राक्षाचा हंगाम नसेल तेव्हा आम्ही चिवड्याची, चपलांची, मिळतील ती खोकी केली. विसार आला की त्याच दिवशी त्याचा कागद घ्यायचा, असा मी नियम केला. दसरा असला तरी. गारठ्यात खळीने हात फुटायचे. लग्नकार्यात बायका माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघायच्या, जाऊबाईंच्या हातात पाटल्या असायच्या. अंबडची शेड चांगली चालते असं ऐकू यायचं. मनात यायचं, वहीचं खरं मानून मीच मूर्ख ठरले की काय? घर, अंगण, शेड, नळ, सगळं तेच. दार मात्र आता माझ्यासाठीही उघडं होतं आणि मला बाहेर जावंसं वाटत नव्हतं. देणं असलेल्या माणसाला रस्ता आपला वाटत नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका हिवाळ्यात तिच्या नावापुढचे पैसे एकदाचे जमले. हे म्हणाले, मी देऊन येतो. मी म्हटलं, नको. एसटीत मी एकटी बसले, पहिल्यांदाच. पैसे पोटाशी पिशवीत. निफाडच्या पुढे एका फाट्यावर उतरले आणि वाटेत तिघांना विचारत विचारत गेले. अनोळखी माणसांना, मी.

ती बागेतच होती, घडांच्या मण्यांची विरळणी करत. केस पांढरे झाले होते. मला बघून कात्री थांबली.

"मालकीन आली का गावावरनं?" ती म्हणाली.

"आले," मी म्हटलं.

बांधावर बसून तिने पैसे मोजले. वाचता येत नव्हतं, पण नोटा तिने माझ्यापेक्षा भराभर मोजल्या. मी पाच हजारांवर थोडे जास्त ठेवले होते, इतक्या वर्षांचे म्हणून. ते तिने बाजूला काढले.

"पाच दिल्ते, पाच मिळाले. पुरे."

"ताई, तेवढे राहू द्या."

"मंग विसार म्हनून ठिव. यंदा घड बरे हायती, खोकी लागतीलच." तिने ते माझ्या हातात कोंबले.

मी ते तिच्या मांडीवर परत ठेवले. "खोकी देते, पण विसार उद्या द्या, परवा द्या. आज नको. आजचा एक दिवस माझ्याकडे कुणाचं काही नको."

"येडी हाय का काय," ती हसली. मग पाच हजार तिने कमरेला खोचले, आणि वरचे उद्याच्या विसारासाठी पदराच्या टोकाला बांधले.